१४ बाय २८ चा गाळा आणि चार अवजड मशिनं

पत्र: काका, नमस्कार. कुडाळ एमआयडीसीत माझा १४ फूट बाय २८ फुटांचा गाळा आहे. उंची ११ फूट. समोर मधोमध ८ फुटी शटर, मागच्या भिंतीला एक खिडकी आणि पलीकडे अरुंद बोळ. दरवाजे, चौकटी, देव्हारे, पलंग, झोपाळे अशी कामं करतो. मुख्य लाकूड सागवान आणि फणस, अधूनमधून प्लायवूडची कपाटं. मी आणि दोन कारागीर. सध्या १० इंची टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) आणि हातातली मशिनं आहेत. जवळचा एक फर्निचरचा कारखाना बंद होतोय आणि मालक चार मशिनं एकगठ्ठा विकतोय: ३२०० चा पॅनेल सॉ (प्लायवूडचे अख्खे तख्ते कापणारा), २४ इंची थिकनेसर (फळीची जाडी सारखी करणारा), १२ इंची सरफेस प्लेनर (फळी सपाट, सरळ करणारा) आणि १८ इंची बँड सॉ (पट्ट्यासारख्या पात्याचा, गोलाई कापणारा). भाऊ म्हणतो, सोडू नको. मी चारही मशिनांची मापं घेऊन गाळ्यात खडूने चौकोन आखले, तर बसतात. बायको म्हणते, मशिनं बसतील, तुम्ही कुठे उभे राहणार? वडिलांचं ८ फुटी कामाचं टेबल आहे, तेही काढायचं नाही. काय करू?

उत्तर:

सूनबाईंचा प्रश्न नेमका आहे, फक्त तो आणखी एक पाऊल पुढे न्यायला हवा. तुम्ही कुठे उभे राहणार हे बघायचंच, पण त्याच्याही आधी लाकूड कुठून येणार आणि कुठे जाणार ते बघायचं. तुम्ही आखलेले चौकोन मशीन बंद असतानाचे आहेत. बंद मशीनला जागा लागतेच किती! १२ इंची प्लेनर साडेसहा फूट बाय अडीच फुटांत मावतो. पण त्यावर चौकटीचा ७ फुटी उभा घातलात की सुरुवातीला तो सगळाच्या सगळा पात्यांच्या अलीकडे असतो आणि शेवटी सगळाच्या सगळा पलीकडे. म्हणजे १४ फूट लाकडाचे झाले, वर तुम्ही उभे आहात ते दीड-दोन फूट वेगळे.

तेव्हा ते चौकोन पुसा आणि प्रत्येक मशीनचा पट्टा आखा. हिशेब सोपा आहे: तुमच्या कामातली नेहमीची सर्वांत लांब फळी, अधिक मशीन, अधिक पुन्हा तेवढीच फळी. चौकटी ७ फुटी, पलंगाच्या बाजू साडेसहा फुटी, प्लायवूड ८ फुटी. म्हणजे ८ फूट धरून चाला. थिकनेसरचा पट्टा ८ अधिक ३ अधिक ८, असा १९ फुटांचा. टेबल सॉचा साडेअठरा. कधीतरी येणारा १२ फुटी दांडा हिशेबात धरू नका, त्याची सोय शटर करील. ते पुढे सांगतो.

पट्टे आखलेत की दोन गोष्टी दिसतील. एक पट्टा दुसऱ्या पट्ट्यावर आला तर बिघडत नाही, ती दोन मशिनं एकाच वेळी चालवायची नाहीत एवढंच. पट्टा दुसऱ्या मशीनच्या अंगावर आला तर मात्र तिथे उंचीचा प्रश्न येतो: लाकूड त्या मशीनच्या वरून जाईल की त्याला धडकेल? छोट्या गाळ्यातली सगळी मांडणी या दोन प्रश्नांवर चालते. मशीनचं क्षेत्रफळ त्यात तिसऱ्या नंबरला येतं.

आता हाच हिशेब पॅनेल सॉला लावा. ३२०० हे त्याच्या सरकत्या टेबलाचं माप, मिलिमीटरमध्ये. म्हणजे साडेदहा फूट. ते टेबल पात्याच्या मागे पूर्ण येतं आणि पुढे पूर्ण जातं, म्हणून चालू मशीनची लांबी २२ फुटांच्या घरात जाते. रुंदीत पात्याच्या उजवीकडे १२५० मिमीपर्यंत चिरायची सोय असते, म्हणजे टेबल धरून साधारण साडेचार-पाच फूट. आणि डावीकडे ८ फुटी तख्ता आडवा कापायचा तर ८ फूट मोकळे हवेत. बेरीज करा: १३ फूट. तुमचा गाळा १४. भाऊ म्हणतो ते खोटं नाही, मशीन बसतं. पण भिंतीपासून भिंतीपर्यंत फक्त तेच बसतं, आणि दिवसभर तुम्ही त्याला वळसे घालत राहता.

मशीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. मुख्य पात्याच्या पुढे उलट फिरणारं छोटं स्कोअरिंगचं पातं असतं, त्यामुळे सनमायकाची कड खालून फुटत नाही. दिवसाला वीस-पंचवीस तख्ते कापणाऱ्याला त्याच्याशिवाय चालत नाही. पण तुमच्या पत्रात प्लायवूड 'अधूनमधून' आहे. अधूनमधूनच्या कामासाठी पूर्ण गाळा गहाण ठेवायचा का? माझं उत्तर नाही असं आहे. पॅनेल सॉ घेऊ नका.

थिकनेसर मात्र जरूर घ्या. इथे बरेच जण उलट विचार करतात. २४ इंची म्हटलं की घाबरतात, छोट्या जागेला १३ इंची बरा म्हणतात. पण पट्टा बघा ना! १३ इंची असो की २४ इंची, ८ फुटी फळीला पुढे-मागे तेवढीच लांबी लागते. रुंदीत फरक पडतो फूट-दीड फुटाचा. थिकनेसर, प्लेनर, बँड सॉ यांत मोठं मशीन घेतलं तर जागा इंचांनी वाढते. सरकत्या टेबलाचं मशीन मोठं घेतलं तर ती फुटांनी वाढते. जुन्या बिडाच्या थिकनेसरचं वजन सात-आठशे किलो असू शकतं, ते तुमच्या फायद्याचं आहे, कारण ते थरथरत नाही. देव्हाऱ्याच्या पाठीमागची १८ इंची जोडलेली फळी त्यातून एका दमात निघेल. आज ती तुम्ही हातरंध्याने सपाट करत असणार.

प्लेनर घेताना एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा: पाती बसवलेला ब्लॉक गोल आहे की चौकोनी. जुन्या मशिनांत अजूनही चौकोनी ब्लॉक सापडतात. चौकोनी ब्लॉक आणि टेबलाच्या ओठामध्ये मोठी फट राहते. बोट त्यात गेलं तर गेलंच. चौकोनी असेल तर मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका. तसंच बाजूला शाफ्टवरच उघडी करवत लावलेले प्लेनर आपल्याकडे सर्रास दिसतात. यालाही ती असेल तर गाळ्यात आल्या दिवशी उतरवून ठेवा. तुमच्याकडे टेबल सॉ आहे, ती करवत लागणार नाही, आणि चालू प्लेनरच्या बगलेत उघडं पातं फिरत ठेवण्याइतकी रुंदी या गाळ्यात नाही.

मांडणीकडे वळू. मागच्या भिंतीला पाठ लावून, शटरकडे तोंड करून उभे आहात असं समजा. सगळ्या मशिनांची चाल एकाच दिशेची ठेवा: लाकूड मागून शटरकडे. याला दोन कारणं आहेत. १२ फुटी दांडा आला तर शटर वर करायचं आणि त्याला बाहेर जाऊ द्यायचं, हे पहिलं. दुसरं याहून महत्त्वाचं. करवत किंवा थिकनेसर लाकूड उलटं फेकतं तेव्हा ते ज्या बाजूने घातलं त्याच बाजूला येतं, गोळीसारखं. चाल शटरकडे असेल तर फेकलेला तुकडा मागच्या भिंतीवर आदळेल. चाल उलटी ठेवलीत तर तो शटरमधून रस्त्यावर जाईल, आणि एमआयडीसीच्या रस्त्यावर कोणी ना कोणी असतंच.

प्लेनर उजव्या भिंतीला, त्याच्या गाइडची (फळी टेकवायच्या उभ्या पट्टीची) पाठ भिंतीकडे. प्लेनरवर काम करणारा माणूस चालीच्या दिशेने बघितलं तर मशीनच्या डाव्या अंगाला उभा राहतो, म्हणून उजवी भिंत. डाव्या भिंतीला ठेवलात तर माणूस आणि भिंत यांच्यात भांडण होईल. थिकनेसर डाव्या भिंतीला, जवळजवळ प्लेनरच्या समोर. दोन्ही मशिनं मागच्या भिंतीपासून साधारण ९ फुटांवर सुरू होऊ द्या, म्हणजे मागे ८ फुटी फळीला जागा राहते. भिंतीपासून मात्र फूटभर सुटी ठेवा. मोटरचे बेल्ट बदलायला, ग्रीस भरायला हात गेला पाहिजे, आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या जांभ्याच्या भिंती कशा पाझरतात ते तुम्हाला सांगायला नको. दोन्ही मशिनांमध्ये ५ फुटांची वाट उरेल. फळी एका भिंतीच्या मशीनवर सरळ करायची, वळायचं आणि समोरच्या मशीनमध्ये जाडी काढायची. चार पावलं.

टेबल सॉ त्यांच्या पुढे, त्या मधल्या वाटेच्या रेषेत, मागच्या भिंतीपासून १५ फुटांवर. आणि त्याच्या पुढे लगेच वडिलांचं टेबल, लांबी शटरच्या दिशेने. साडेसतरा-अठराव्या फुटाला सॉ संपतो, सव्वीसाव्या फुटाला टेबल. ८ फुटी टेबल हेच तुमचं पलीकडचं टेकण होईल; चिरलेली फळी त्याच्यावर सरकत जाईल आणि दुसऱ्या माणसाला पलीकडे धरून उभं राहावं लागणार नाही. टेबल करवतीच्या पाटापेक्षा, म्हणजे मशीनच्या वरच्या सपाट भागापेक्षा, ४-५ मिलिमीटर खाली हवं. जास्त खाली असेल तर पायांखाली ठोकळे द्या, वर असेल तर पाय कापा. वडिलांना चाललं असतं, सुतारच होते ते. एक करा, टेबलाच्या शिकंजाचा जबडा वर डोकावत असेल तर तो उतरवून बाजूच्या कडेला लावा, नाहीतर पहिलीच फळी त्यात अडकेल.

बँड सॉ डाव्या भिंतीला, शटरजवळच्या कोपऱ्यात, त्याचा खांब भिंतीकडे आणि मोकळी बाजू गाळ्याकडे. पातं भिंतीपासून साडेतीन फुटांवर येऊ द्या. तुमचं शटर मधोमध असल्यामुळे दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट भिंत आहे. पातं त्याच्या पुढे राहिलं तर लांब लाकूड शटरच्या उघड्या भागातून बाहेर निघेल. बँड सॉचा पाट बहुतेक मशिनांत करवतीच्या पाटापेक्षा उंच असतो. हे इथे फार कामी येतं: देव्हाऱ्याची महिरप किंवा झोपाळ्याचा बाक कापताना लाकूड गोल फिरवावं लागतं, ते वडिलांच्या टेबलावरून मोकळं फिरेल.

उजवीकडे पुढच्या भागात चार फूट रुंद, दहा-अकरा फूट लांब मोकळी पट्टी राहते. तिच्यावर नजर ठेवा. दोन आठवड्यांत तिथे तुकडे, डबे, गिऱ्हाइकाने 'नंतर नेतो' म्हणून ठेवलेली खुर्ची असा संसार उभा राहतो. ती जागा जुळणीची आहे. दरवाजा क्लॅम्पमध्ये आवळून रात्रभर ठेवायला तेवढी एकच जागा तुमच्याकडे असेल.

या मांडणीची एक किंमत आहे, ती लपवत नाही. करवत चालवणारा आणि प्लेनर चालवणारा दोघेही त्याच मधल्या वाटेत उभे राहतात, आणि करवतीने तुकडा फेकला तर तो त्याच वाटेने मागे जातो. म्हणून करवत चालू असताना तिच्या मागे कोणीही नाही, प्लेनर बंद, थिकनेसर बंद. तिघांपैकी एक मशीनवर, दोघे टेबलावर किंवा जुळणीवर. तुम्ही तिघेच आहात म्हणून हे जमतं. उद्या पाच कारागीर झाले तर मांडणी बदलून भागणार नाही, दुसरा गाळा बघावा लागेल. आणि टेबल सॉच्या पात्यामागची पाचर काढून ठेवलेली असेल, बहुतेक ठिकाणी असतेच, तर ती परत बसवा. फणसाचं लाकूड चिरताना मागे मिटतं आणि पात्याला चिमटतं. उलट फेकीचं सर्वांत मोठं कारण तेच.

चाकं लावू का, असा पुढचा प्रश्न येईल. टेबल सॉला लावा, लॉक होणारी, आणि काम करताना मशीन पायांवर उभं राहील अशी. थिकनेसरला आणि बँड सॉला नको. बँड सॉ उंच आणि वरून जड असतो. छोट्या चाकावर ढकलताना फरशीच्या सांध्यात अडकला तर कलंडतो. अवजड मशीन कधीमधी हलवायचं असेल तर त्याच्याखाली दोन लोखंडी चॅनेल किंवा जाड सागवानी ओंडके देऊन त्याला जमिनीपासून १०० मिमी उचलून बसवा. हँड पॅलेट ट्रकचे (काट्यांनी माल उचलणाऱ्या, हाताने ओढायच्या गाडीचे) काटे खाली असताना ८५ मिमी उंच असतात, ते आरामात खाली जातात आणि एक माणूस आठशे किलो ओढतो. दोन्ही काट्यांची मिळून रुंदी ५४० किंवा ६८५ मिमी असते, तेवढी मोकळी जागा मधे सोडा. ट्रक विकत घेऊ नका. एमआयडीसीत शेजारच्या कोणाकडे तरी असतोच. फक्त १०० मिमीने पाट वर येतो हे लक्षात घेऊन उंची जुळवा.

प्लायवूडचं काय? १८ मिमी एमडीएफचा (दाबलेल्या लाकूड-तंतूंचा) ८ बाय ४ चा तख्ता चाळीस किलोच्या आसपास भरतो, प्लायवूड थोडं हलकं. तो अख्खा तख्ता गाळ्यात फिरवायचाच नाही. शटरच्या बाहेर अंगणात, जाड थर्माकोलवर आडवा टाका, त्यावर सरळ पट्टी किंवा रूळ लावून हातातल्या सर्क्युलर सॉने मापापेक्षा पाच मिमी जास्त ठेवून तुकडे करा आणि मग आत आणा. अर्धा झालेला तख्ता टेबल सॉवर एकटा माणूस सांभाळू शकतो. पूर्ण किचनचं काम आलं तर मोठ्या पॅनेल सॉवाल्याकडे कटिंग आणि एज बँडिंग (कडेला पट्टी चिकटवणं) जॉबवर्कला द्या. त्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलात घालायला लाजू नका.

आता परवान्याचा विषय. हे मशीन आणण्याआधी वाचा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या लाकूड-उद्योगांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, चिरलेलं लाकूड आणि प्लायवूड वापरणाऱ्या आणि बँड सॉ, री-सॉ (चिरलेलं लाकूड पुन्हा चिरणारी करवत) किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वर्तुळाकार करवत नसलेल्या कारखान्यांना परवान्यातून सूट आहे. तुमची आत्ताची १० इंची करवत त्या मर्यादेत बसते. बँड सॉ आला की तुम्ही त्या सवलतीच्या बाहेर पडू शकता. 'मी फक्त महिरपी कापतो' हे सांगून भागेलच असं नाही. तेव्हा वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात आधी लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या. विकणाऱ्या कारखान्याकडे परवाना असेल तर तो मशीनबरोबर आपोआप तुमच्या नावावर येतो असं समजू नका. उत्तर नकारार्थी आलं तर बँड सॉ सोडून द्या आणि महिरपींसाठी जिगसॉ चालू ठेवा. पॅनेल सॉ सोडल्यावर उरलेल्या तिनांत सर्वांत सहज सोडता येणारं मशीन तेच आहे.

वीज. थिकनेसरला बहुधा साडेसात एचपीची मोटर असेल, बाकीच्यांना तीन-तीन. धूळ ओढणाऱ्या मशीनसह सगळं जोडून वीस एचपीच्या जवळ जातं, म्हणजे पंधरा किलोवॅट. पण तुम्ही एका वेळी एकच मशीन आणि डस्ट कलेक्टर चालवणार, म्हणजे साडेदहा एचपी. तुमच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा, थ्री फेज आहे ना ते बघा, आणि वाढवायचा असेल तर महावितरणचा अर्ज मशीन आणायच्या आधी करा. साडेसात एचपीची मोटर थेट सुरू केली तर पहिल्या क्षणी पाच-सहापट करंट ओढते. तिला स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर कमी करंटवर सुरू करणारा) घ्या, शेजारच्या गाळ्यातले दिवे मिणमिणणार नाहीत. मशीन जोडल्यावर पाती न बसवता क्षणभर फिरवून दिशा बघा. उलटं फिरलं तर वायरमनकडून कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करून घ्या. वायरी वरून सोडा. जमिनीवरून गेलेली एकही वायर नको, टेबल सॉची तर नाहीच नाही, कारण ते चाकांवर फिरणार आहे.

भुसा हा जागेचाच प्रश्न आहे, म्हणून त्याबद्दल थोडं. २४ इंची थिकनेसर एका दुपारात पोत्यांनी छिलपे टाकतो. डस्ट कलेक्टर गाळ्यात ठेवलात तर तीन फूट बाय पाच फूट जागा गेली आणि आवाज वेगळा. मागच्या बोळात, वर पत्रा टाकून, तो बाहेर ठेवा आणि खिडकीच्या वरच्या भागातून पाइप आत घ्या. बोळ सामायिक असेल तर शेजाऱ्याला विचारून. टेबल सॉ आणि बँड सॉला ४ इंची पाइप चालतो; थिकनेसरला ६ इंची द्या, ४ इंचीत छिलपे तुंबतात आणि पावसाळ्यात दमट झाले की हमखास. लवचिक पाइप शेवटच्या तीन-चार फुटांपुरताच, बाकी सरळ पीव्हीसी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे, नाकाच्या पोकळीचा कर्करोग त्यात मुख्य. छिलपे दिसतात म्हणून आपण ते झाडतो. खरी भीती घासकामाच्या न दिसणाऱ्या धुळीची. त्या कामाला एन-९५ मास्क लावा, तिघांनीही.

गंजाबद्दल बाहेरच्या कोणाला सांगावं लागतं, तुम्हाला नाही, तरी एक सूचना. बिडाच्या पाटांवर तेल चोपडू नका, ते लाकडात उतरतं आणि पॉलिश धरत नाही. सिलिकॉनचा फवारा तर अजिबात नको, त्याने पॉलिशवर खड्डे पडतात. साधं मेण घासा, कापडाने चकाकवा, लाकूडही मग हलक्या हाताने सरकतं. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला. रात्री झाकायला सुती चादर, प्लास्टिक नाही. प्लास्टिकखाली दव साठतं.

११ फूट उंची आहे तर मागच्या ८ फुटांवर पोटमाळा काढता येईल, खाली साडेसात फूट उंची राहील. वर लाकूड ठेवलं तर सुकतंही छान. पण सुकलेलं सागवान घनफुटाला १८-१९ किलो भरतं. ५० घनफूट म्हणजे टनाला थोडंच कमी. छपराच्या वाशांना टांगायचा विचार करू नका, जमिनीवर उभे केलेले लोखंडी खांब हवेत. आणि ते खांब आखताना पट्टे विसरू नका! प्लेनरच्या मागच्या ८ फुटांत नेमका खांब आलेले गाळे मी पाहिले आहेत.

कोणीतरी तुम्हाला सगळं एकात असलेलं कॉम्बी मशीन सुचवेल. एकटा कारागीर असेल तर त्यासारखी सोय नाही. तिघांना मात्र ते छळतं: एकाने करवतीचं गाइड मापाला लावून ठेवलेलं असतं आणि दुसऱ्याला जाडी काढायची असते, मग एकजण हात बांधून उभा.

राहिला सौदा. मालक एकगठ्ठा म्हणतोय, पण पॅनेल सॉला गिऱ्हाईक मिळणं त्याला जड जात नाही. मॉड्युलर किचनवाले कणकवलीपासून गोव्यापर्यंत आहेत. प्लेनर आणि थिकनेसरची किंमत वेगळी मागा, बँड सॉ वन विभागाचं उत्तर येईपर्यंत राखून ठेवायला सांगा, पाहिजे तर थोडी इसारत द्या. तो अजिबात ऐकत नसेल तर चारही घ्या, पण पॅनेल सॉचा पुढचा गिऱ्हाईक आधी ठरवून; ट्रक त्या कारखान्यातून थेट त्याच्याकडे गेला पाहिजे. 'महिनाभर आपल्याकडे ठेवू' हा भावाचा प्रस्ताव येईल, तो मान्य करू नका.

मशिनं बघायला जाल तेव्हा ८ फुटी सरळ लाकूड, एक सरळ पट्टी आणि टेप बरोबर न्या. कारखान्याची वीज तोडली जायच्या आत जा. थिकनेसर चालू करून त्यातून तुमचं लाकूड घाला, दोन्ही टोकांची आणि मधली जाडी मोजा. टोकाला दोन-तीन इंचांत खड्डा पडत असेल तर रोलर जुळवून निघतो, त्यासाठी किंमत पाडायची पण सौदा मोडायचा नाही. मशीन बंद केल्यावर थांबता थांबता बेअरिंग खरखरत असेल तर ते बदलायचा खर्च धरा. प्लेनरच्या दोन्ही पाटांवर पट्टी आडवी-उभी-तिरकी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. पाट मुरडलेला असेल तर सोडून या, तो घासून सरळ करायला लागणाऱ्या पैशात चांगलं जुनं मशीन दुसरीकडे मिळेल.